लढाई युक्रेनात, झळ मानवतच्या कापसाला

मानवत : रशिया-युक्रेनची लढाई इथून हजारो किलोमीटर लांब. आपला देश त्यात कोणाच्याच बाजूनं नाही. तरी त्या लढाईची एक वाट थेट मानवतच्या मोंढ्यात आली. ती कशी, ते बघू.

रशियानं २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला केला. संयुक्त राष्ट्रांत रशियाच्या निषेधाचे ठराव आले, तेव्हा भारतानं ना बाजूनं मत दिलं ना विरोधात. युरोपनं रशियाचं तेल घेणं कमी केलं आणि रशियानं ते सवलतीत विकायला काढलं. युद्धाआधी आपण बाहेरून घेत असलेल्या तेलात रशियाचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास होता, तो पुढं एक तृतीयांशाच्या वर गेला. स्वस्त माल दारात आला तर कोण सोडतो?

इथंच गाठ पडली. आपल्या लेखी तो व्यवहार होता, पण अमेरिकेच्या लेखी ती रशियाला लढायला पुरवलेली रसद. दोन भावकीच्या भांडणात आपण कोणाची काठी उचलली नाही, पण एकाकडून ज्वारी घेतली, तर दुसरा आपल्याकडं डोळे वटारूनच बघतो.

हे आजचंच नाही. पहिल्या महायुद्धात पोर्तुगाल सुरुवातीला लढाईबाहेर होता. जर्मनीची जहाजं त्याच्या बंदरांत आसऱ्याला थांबली होती, काही तर गोव्यात मुरगावला. इंग्लंडला जहाजांची टंचाई पडली, त्याच्या सांगण्यावरून पोर्तुगालनं १९१६ च्या फेब्रुवारीत ती जप्त करायला सुरुवात केली. ९ मार्चला जर्मनीनं युद्ध पुकारलं. मग ५० हजारांवर पोर्तुगीज सैनिक फ्रान्समध्ये लढायला गेले. निमित्त काय, तर बंदरात उभी जहाजं.

आपल्यावर तोफ नाही आली, कर आला. अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि रशियाच्या तेलापायी २७ ऑगस्ट २०२५ पासून आणखी २५ टक्के, असा ५० टक्के कर लावला. आपल्या तयार कपड्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच. कपडा महागला की ऑर्डर तुटते, मग सूतगिरणी अडते.

गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्रानं बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. सरकारचा हिशोब अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. गिरणीच बंद पडली तर जिनिंगमधल्या गाठी घेणार कोण? पण गिरणीला दिलेली सवलत शेवटी कापूसवाल्याच्या खिशातून गेली. परदेशी गाठ बिनकराची मिळत असताना गिरणी इथल्या कापसाला चढा भाव कशाला देईल?

लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. खासगी भाव त्याखाली गेला की आधार सीसीआयचा. पण तिथं ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी पाहिजे आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत. पावसात भिजलेली बोंडं ती अट कशी पाळणार? ज्याला उधारी फेडायची घाई, तो व्यापारी म्हणेल त्या भावात माल टाकून मोकळा होतो.

१ जानेवारी २०२६ पासून शुल्क पुन्हा लागू झालं. तोवर पहिली-दुसरी वेचणी विकून झाली होती.