मखरातील दिव्यांचा मेळ

गणेशचतुर्थी जवळ आली की घरोघरी मखराची लगबग सुरू होते. अलीकडे समईच्या जोडीला एलईडीचे दिवेही मखरात लखलखू लागले आहेत. आम्ही कीर्तनकार, विद्युत्‌शास्त्र हा काही आमचा प्रांत नव्हे. परंतु गतवर्षी आमच्याच घरी जो प्रसंग ओढवला, त्याने या शास्त्राची मुळाक्षरे आम्हांस गिरवावयास लावली.

नातवाच्या साह्याने आम्ही १ वॅटचे १२ दिवे आणले. सहा-सहांच्या दोन ओळी समांतर जोडून त्या ६०० मिलीअँपियरच्या एका ड्रायव्हरवर लावल्या. प्रत्येक ओळीस ३०० मिळतील, हा आमचा हिशेब. ऐन सायंकाळच्या आरतीला एका ओळीचा डाख सुटला आणि सगळा ६०० चा प्रवाह दुसऱ्या ओळीत लोटला. ते दिवे डोळे दिपतील असे उजळले आणि थोड्याच वेळात काळवंडले. मागील रेशमी वस्त्रही करपले. गजाननाच्या कृपेनेच पुढील अनर्थ टळला.

वाचकहो, यातील मर्म असे की, एलईडीस माप द्यावे लागते ते प्रवाहाचे. पांढऱ्या दिव्यास सुमारे ३ व्होल्ट लागतात. त्यात किंचित वाढ झाली तरी प्रवाह भरमसाट वाढतो, आणि दिवा तापला की आणखीच. म्हणून ड्रायव्हर प्रवाह स्थिर राखतो. व्होल्ट मात्र तो दिव्यांच्या संख्येप्रमाणे जुळवून घेतो, तेही त्यावर छापलेल्या मर्यादेतच.

यंदा आम्ही बाराही दिवे जपमाळेच्या मण्यांप्रमाणे एकाच सरीत ओवले. अशा जोडणीत प्रत्येक दिव्यातून तोच प्रवाह जातो. १२ गुणिले ३.१, म्हणजे सुमारे ३७ व्होल्ट. त्यास अनुरूप असा ३०० मिलीअँपियरचा, २५ ते ४२ व्होल्ट मर्यादेचा ड्रायव्हर घेतला. आता डाख सुटलाच तर सारी माळ विझेल, पण जादा प्रवाहाने एकही दिवा जळणार नाही.

दिवे ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवावेत. वस्त्रे व फुले त्यांपासून दूर ठेवावीत. काही ड्रायव्हरांचा दिव्यांकडील भाग घरच्या विजेपासून अलग केलेला नसतो. म्हणून वीज तोडल्यावाचून तारांस हात लावू नये.

टाळ, मृदंग आणि पेटी यांचा मेळ बसल्याखेरीज कीर्तनास रंग चढत नाही. मखरातही दिवे आणि ड्रायव्हर यांचा मेळ आधी बसवावा, मगच आरतीस उभे राहावे.