गटार संपतं कुठे?

ग्रामीण पाणीपुरवठ्यात शाखा अभियंता म्हणून माझी सगळी नोकरी झाली. ग्रामसभेत सांडपाण्याचा विषय निघाला की मागणी ठरलेली: "साहेब, आमच्या आळीला पक्कं गटार द्या." मी विचारायचो, ते संपतं कुठे? वरच्या आळीतले गप्प बसायचे, खालच्या आळीतले भांडायला उठायचे.

गटारानं पाणी शुद्ध होत नाही, नुसतं पुढे सरकतं. त्यात आता पाणीही वाढलंय. २०१९ला सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलंय. वापरलेल्यापैकी साधारण ८० टक्के पाणी मोरीतून बाहेर पडतं, असा आमचा ठोकताळा. म्हणजे दीड हजार वस्तीच्या गावात रोज ६६ हजार लिटर.

हे पाणी दारातच जिरवावं, हे नांदेड जिल्ह्यानं दाखवून दिलं. हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी शोषखड्ड्यांमुळे डासमुक्त गाव म्हणून गाजलं. खड्डा चार फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल. मधोमध सिमेंटची छोटी टाकी, तिच्या वरच्या अंगाला भोकं, भोवती दगडगोटे. मोरीचं पाणी आधी टाकीत पडतं, गाळ तळाशी बसतो आणि वरचं निवळलेलं पाणी भोकांतून दगडांत उतरून जमिनीत मुरतं. टाकीचं झाकण उघडून बघा: भाताची शितं, चहाचा चोथा, केसांचे गुंतवळे, साबणाचा पांढरट लगदा. हे सगळं दगडांत गेलं असतं तर खड्डा तुंबलाच असता. म्हणून टाकी भरत आली की उपसायची. हे काम घरातल्या कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं. अंदाजपत्रकात त्याला ओळ नसते. संडासाचं पाणी मात्र यात सोडायचं नाही. त्याला दोन खड्ड्यांचा संडास वेगळा.

डासांचं म्हणाल तर घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. तो कमी होईल. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, त्यामुळे रांजण आणि जुने टायर तपासायचं काम सुटत नाही.

मुरमाड जमिनीत शोषखड्डा छान चालतो. काळ्या चिकणमातीत पाणी मुरत नाही आणि कोकणात पावसाळ्यात भूजलच खड्ड्यापर्यंत चढतं. आधी एक खड्डा खणून पाणी भरावं, दुसऱ्या दिवशी किती उतरलं ते पाहावं. एवढी साधी परीक्षा न करता शेकडो खड्डे खणायचे, हा सरकारी उत्साह मला कधीच पटला नाही.

जिथे मुरत नाही तिथे मात्र गटार हवंच, पण त्याच्या टोकाला तळं हवं. जिवाणू घाण खातात, शेवाळ उन्हात त्यांना प्राणवायू पुरवतं. वीज लागत नाही. पाण्याला पंधरा दिवस मुक्काम द्यायचा आणि खोली दीड मीटर धरायची, तर वर सांगितलेल्या दीड हजार वस्तीच्या गावाला साडेसहा गुंठे लागतात, बांध वेगळा. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये, म्हणजे या गावाला ४ लाख २० हजार. सगळे गटारात घातले तर तळ्याला उरत नाहीत. म्हणून आधी तळ्याची जागा ठरवा. ती वस्तीच्या खाली, उताराच्या टोकाला आणि विहिरीपासून लांब हवी. तळ्यातून बाहेर पडणारं पाणी बांबूला, चाऱ्याला द्या. कोथिंबीर-मेथीला नको.