रुमाल टाकलेली जागा

गेल्या मे महिन्यात शेजारचा मुलगा संध्याकाळी आमच्या पायरीवर येऊन बसला आणि बराच वेळ बोललाच नाही. अठरा वर्षांचा, डावखुरा, शाळेच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. लहानपणापासून माझ्याशी झेल खेळत वाढलेला. आठवड्याभरात त्याला दोन निरोप आले होते. पहिला त्याच्या चर्चचा: दोन वर्षं धर्मसेवेसाठी कुठे जायचं ते कळवणारा. दुसरा एका कॉलेजच्या प्रशिक्षकाचा: जात असशील तर तुझी जागा धरून ठेवता येणार नाही. पहिल्या निरोपाचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता, पण दुसऱ्याने तो झाकोळून गेला होता.

तो गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. मेरीलँडमध्ये राहायला येऊन मला वीस वर्षं होऊन गेली. केन्सिंग्टनला बेल्टवे महामार्गावरून मॉर्मन लोकांच्या मंदिराचे सोनेरी कळस दिसतात, पण त्या लोकांशी माझी खरी ओळख झाली ती बाल्टिमोरच्या बेसबॉल मैदानावर. ती ज्याच्यामुळे झाली, त्या माणसाची जागा खेळाने एकेकाळी धरून ठेवली होती.

ज्यांना हे जग परकं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मॉर्मन चर्चच्या तरुणांनी दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मसेवेला, जावं अशी अपेक्षा असते. पांढरा सदरा, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि सोबत एक जोडीदार. खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. गाव स्वतः निवडायचं नाही, चर्च पाठवेल तिथे जायचं. कपडे धुणं, बाजारहाट, खेळ यांसाठी आठवड्यातून एकच दिवस. घरी फोन वर्षातून जेमतेम दोनदा, हा नियम २०१९पर्यंत होता. ज्या वयात पिचरचा खांदा भरतो आणि चेंडूला वेग येतो, नेमक्या त्याच वयात हे सगळं येतं. आपली आषाढी वारीही पेरणीच्या ऐन तोंडावर निघते. सवड मिळाल्यावर केलेल्या चालण्याला वारी म्हणत नाहीत, हे मला इथे राहून जास्त कळलं.

जुन्या काळाबद्दल फार लिहीत नाही. पिट्सबर्गचा व्हर्नन लॉ याच चर्चचा. ‘डीकन’ म्हणून ओळखला जायचा, १९६० साली सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजही जिंकली. नव्वदच्या दशकापर्यंतच्या बाकीच्या हकिकती मला वाचूनच माहीत आहेत, आणि वाचलेल्या गोष्टींनी माझं मन कधी दुखावलेलं नाही.

दुखावलं ते २००७ ते २०१२ या वर्षांनी. ज्याच्यामुळे ती ओळख झाली तो जेरेमी गथ्री तेव्हा बाल्टिमोर ओरिओल्सला आला. ब्रिगम यंग विद्यापीठात एक वर्ष खेळून तो मिशनसाठी स्पेनला गेला होता. परतल्यावर स्टॅनफर्डने त्याला घेतलं. २००१ साली पिट्सबर्गने तिसऱ्या फेरीत निवडलं तरी तो कॉलेजातच राहिला आणि २००२ साली क्लीव्हलँडने त्याला पहिल्या फेरीत बाविसाव्या क्रमांकावर उचललं. पण तिथे मुख्य संघात त्याचा जम बसेना. २००७च्या जानेवारीत क्लीव्हलँडने नाव कमी केलं, बाल्टिमोरने ते उचललं आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्याची कारकीर्द खऱ्या अर्थाने सुरू झाली.

ओरिओल्सची ती वर्षं पराभवाची होती. १९९८ ते २०११ असे सलग चौदा हंगाम विजयांपेक्षा पराभव जास्त. २००७च्या ऑगस्टमध्ये टेक्सासने आमच्याच मैदानावर आम्हाला ३० विरुद्ध ३ असं हरवलं. कॅम्डन यार्ड्सच्या रिकाम्या खुर्च्यांमागे जुन्या रेल्वे गोदामाची विटांची भिंत संध्याकाळच्या उन्हात तांबूस व्हायची आणि ठरलेल्या दिवशी गथ्री चेंडू घेऊन उभा राहायचा. २००९मध्ये १७ पराभव, २०११मध्ये पुन्हा १७. तरी २००९, २०१० आणि २०११ या तिन्ही हंगामांत त्याने दोनशे किंवा त्याहून जास्त इनिंग टाकल्या. हरणाऱ्या संघात रोज कामावर येणं म्हणजे काय, हे मी त्याच्याकडे पाहून शिकलो.

तेव्हा ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे एक गृहस्थ गथ्री हरला की हमखास म्हणायचे, याची दोन वर्षं स्पेनमध्ये वाया गेली. मी गप्प बसायचो. आज उत्तर देतो. स्पेनमध्ये दोन वर्षं गेली. निवड झाल्यापासून मुख्य संघात पक्की जागा मिळेपर्यंत पाच गेली, आणि ती बेसबॉलनेच घेतली. ती पाच कुणी मोजली नाहीत. पैशाच्या हिशेबात न बसणारी दोन वर्षं मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत खुपली. याच काळात आईच्या आजारपणात मी दोन महिन्यांची रजा मागितली, तर साहेब म्हणाले, प्रोजेक्ट थांबणार नाही. प्रोजेक्ट पुढे आठ महिने रखडला. मी मात्र पुण्याला तीन आठवडेच राहू शकलो.

मग २०१२ आलं. फेब्रुवारीत बाल्टिमोरने गथ्रीला कोलोरॅडोला दिलं आणि बदल्यात दोन पिचर घेतले: जेसन हॅमल आणि मॅट लिंडस्ट्रॉम. लिंडस्ट्रॉम आयडाहोच्या रेक्सबर्गचा. तोही मिशन करून आलेला, स्वीडनमध्ये. ताशी शंभर मैलांच्या घरात चेंडू टाकणारा. मिशनवरून परतलेला एक पिचर देऊन मिशनवरूनच परतलेला दुसरा घ्यावा, इतकी ही वाट तेव्हा वहिवाटीची होती. दोन वर्षं गेलेल्यांचा हात संपतो असं कुणी म्हणत असेल, तर त्याने तो सौदा पुन्हा एकदा पाहावा.

२०११मध्ये ६९ विजय आणि ९३ पराभव असलेला आमचा संघ २०१२मध्ये बरोबर उलट, ९३ विजय आणि ६९ पराभवांवर पोचला. मी आनंदाने ओरडलो, पण मनात सल होता: ज्याने पडझडीत खांदा दिला तो या पंगतीला नव्हता. २०१४मध्ये तो कॅन्सस सिटीकडून आमच्याविरुद्धच उभा राहिला. तो सामना आम्ही २-१ने हरलो. पुढे वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना त्याने जिंकला आणि निर्णायक सातव्यात पहिला चेंडू त्याच्याच हातून सुटला. तो सामना कॅन्सस सिटी एका धावेने हरलं. २०१७च्या ८ एप्रिलला, अडतिसाव्या वाढदिवशी, वॉशिंग्टनकडून खेळताना त्याने एक इनिंग पुरी होण्याआधीच दहा धावा दिल्या. तो मुख्य लीगमधला त्याचा शेवटचा सामना. एकूण ९१ विजय, १०९ पराभव. पुढच्या वर्षी तो ह्यूस्टनकडच्या मिशनचा अध्यक्ष म्हणून पत्नीसह निघाला, ज्या वाटेवर एकोणिसाव्या वर्षी गेला होता तिच्यावर पुन्हा.

२०१२च्याच ऑक्टोबरमध्ये चर्चने मुलांसाठी मिशनचं वय एकोणिसावरून अठरावर आणलं. आता मुलगा शाळेतून थेट जाऊ शकतो आणि विसाव्या वर्षी परत येतो. खेळाच्या हिशेबात हे सोपं व्हायला हवं होतं. पण नेमक्या याच वर्षांत खेळाचं दार अरुंद झालं. नवोदितांची निवड पूर्वी चाळीस फेऱ्यांची असायची, २०२१पासून ती वीस फेऱ्यांची आहे. त्याच वर्षी चाळीसहून अधिक छोट्या गावांच्या संघांचं मोठ्या संघांशी असलेलं नातं तुटलं. युटा-आयडाहोकडची पायोनियर लीग, जिथे ऑग्डेन आणि आयडाहो फॉल्सची पोरं पुढे सरकायची, तीही या शिडीतून बाहेर पडली. कॉलेजांत दरवर्षी दुसऱ्या कॉलेजातून तयार खेळाडू उचलून आणता येतात, मग परत येणाऱ्यासाठी कोण थांबेल? नियम अजून माणुसकीचा आहे: मिशनवरचा काळ कॉलेजच्या पाच वर्षांच्या मर्यादेत धरत नाहीत. नियम थांबायला तयार आहे, माणसं तयार नाहीत.

आणि या घाईने मिळवलं काय? चेंडूचा वेग वाढला, पण २०२४च्या अख्ख्या हंगामात दोनशे इनिंग टाकणारे पिचर उरले चार. गथ्रीने ते पाच हंगामांत केलं. दोन वर्षांच्या विश्रांतीने त्याचा हात टिकला असं मी म्हणणार नाही, मी वैद्य नाही. पण थांबल्याने माणूस संपत नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

लहानपणी स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकला की जागा आपली होई. कुणीही तो उचलून बसत नसे, कारण येणारा येतोय यावर सगळ्यांचा विश्वास होता. बेसबॉल असाच खेळ होता.

मुलगा ऑगस्टमध्ये गेला. निघण्याच्या आदल्या रात्री आपला ग्लोव्ह माझ्या हातात देऊन म्हणाला, वापरला नाही तर कातडं कडक होतं, अधूनमधून तेल लावाल का? दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तेल लावतो, बोटांच्या खाचांतून नीट चोळतो, मध्ये चेंडू ठेवून दोरीने बांधतो. ओसरीवरच्या बाकावर तो असतो. त्या बाकावर मी कुणाला बसू देत नाही.