पत गोठविण्याचा हक्क

माणसाची पत एके काळी वाण्याच्या वहीत आणि शेजाऱ्याच्या शब्दात मोजली जाई. अमेरिकेत आज ती प्रामुख्याने तीन खाजगी कंपन्यांच्या दप्तरांत असते : इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन. यांपैकी इक्विफॅक्सच्या दप्तरात २०१७ साली मे ते जुलै या काळात चोर शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती, त्यांत बहुतेकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक व जन्मतारखा, घेऊन गेले. जन्मतारीख काही बदलता येत नाही. त्यामुळे चोरीचा हा माल कधी शिळा होत नाही.

अशा माहितीच्या बळावर भामटा दुसऱ्याच्या नावाने कर्ज उचलतो आणि वसुलीचा तगादा निरपराध्याच्या दारी येतो. त्यावरील अमेरिकी उपाय सरळ आहे. नवे कर्ज देणारा प्रथम पतअहवाल मागवितो. नागरिकाने तो गोठविलेला असला की धनकोस अहवाल मिळत नाही, आणि अहवालावाचून सहसा कोणी कर्ज देत नाही. २१ सप्टेंबर २०१८ पासून तेथे हे विनामूल्य आहे. त्यापूर्वी अनेक राज्यांत शुल्क पडे. म्हणजे ज्याने दप्तर उघडे टाकले, त्यालाच कुलपाचे पैसे द्यावयाचे! दूरध्वनीने वा संगणकावरून मागणी केल्यास एका कामकाजाच्या दिवसात पत गोठवावी लागते आणि सांगताच तासाभरात मोकळी करावी लागते. अर्ज मात्र तिन्ही कंपन्यांकडे निरनिराळा करावा लागतो. जुन्या कार्डावरील अफरातफर याने थांबत नाही, हेही खरे.

हा प्रश्न केवळ परदेशाचा नव्हे. इक्विफॅक्स व एक्स्पेरियन येथेही आहेत. शिवाय ट्रान्सयुनियन सिबिल आणि क्रिफ हाय मार्क. आपण पॅनकार्डाची प्रत कोठे कोठे देत नाही? तरीही २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याने नागरिकाला पत गोठविण्याचा हक्क दिलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशामुळे अहवाल कोणी पाहिल्यास सूचना येते, आणि तक्रार ३० दिवसांत न मिटल्यास पुढे दररोज १०० रुपये भरपाई मिळते. हे स्वागतार्हच, परंतु चोर घरात शिरल्यावर वाजणारी घंटा म्हणजे दाराची कडी नव्हे. ही कडी कायद्यानेच द्यावयास हवी, कारण बनावट कर्जाच्या एका नोंदीपायी पगारदाराचे गृहकर्ज अडते. तूर्त चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल मागवून अनोळखी कर्ज शोधणे, एवढेच त्याच्या हाती आहे.