सावलीची बाजू

स्टेशन रोडच्या नकाशावर नगररचना विभागाने पिवळ्या रंगात ओळीने चौकोन आखले होते. एक चौकोन म्हणजे एका पथविक्रेत्याची जागा. सगळे सारख्या मापाचे, मधलं अंतर सारखं, आणि सगळे रस्त्याच्या पूर्वेकडच्या पदपथावर, कारण तो रुंद आहे. नगर पथविक्रेता समितीच्या बैठकीत हा नकाशा टेबलावर पसरला तेव्हा वाहतूक शाखेचे अधिकारी समाधानी दिसले, व्यापारी संघटनेचे प्रतिनिधीही. समितीत पथविक्रेत्यांमधून निवडून आलेल्या एक मावशी आहेत, पालेभाजी विकतात. त्या उठून टेबलाजवळ आल्या, नकाशात स्टेशन कुठे, पोस्ट कुठे हे विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, ही उन्हाची बाजू हाय. दुपारनंतर हितं मेथी टिकायची न्हाई."

रस्ता दक्षिणोत्तर आहे. दुपार कलली की पश्चिमेकडच्या तीन मजली इमारतींची सावली आधी त्यांच्याच पायाशी, पश्चिमेच्या पदपथावर पडते. पूर्वेची बाजू तोवर तापत राहते. पालेभाजीवाल्या वर्षानुवर्षं त्या अरुंद पश्चिमेच्या कडेला दाटीवाटीने बसत आल्या आहेत ते यामुळेच. गिऱ्हाईकही सावली धरूनच चालतं. ज्या अभियंत्याने नकाशा केला त्याने काम नीट केलं होतं. त्याला रुंदी मोजायला सांगितली होती, ती त्याने मोजली.

मी या समितीत स्वयंसेवी संस्थेच्या वतीने बसतो. तिथे बसून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. बाजारपेठ सुधारायची तर ती कशी चालते हे आधी माहीत हवं, आणि ही माहिती कुठल्याही फायलीत नसते. कोण कुठे, किती वाजता आणि का बसतं, हे बसणाऱ्यालाच ठाऊक असतं. समितीचं खरं काम ती माहिती इतिवृत्तात उतरवण्याचं आहे. ते झालं तर बाकीचे निर्णय बरे होतात. नाही झालं तर लाखो रुपये खर्चून केलेले ओटे रिकामे राहतात.

समितीला कायद्याचा आधार आहे. सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली रस्त्यावर व्यवसाय करण्याचा हक्क वाजवी बंधनांसह मान्य केला. त्यानंतर संसदेला कायदा करायला पाव शतक लागलं. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियमाला मार्च २०१४ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि तो १ मे २०१४ पासून लागू झाला. महाराष्ट्राचे नियम २०१६ मध्ये आले. महापालिका असेल तिथे आयुक्त समितीचे अध्यक्ष, नगरपालिका असेल तिथे मुख्याधिकारी. किमान चाळीस टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी स्वतः निवडून द्यायचे, म्हणजे वीस जणांच्या समितीत आठ, आणि त्यांत एक तृतीयांश महिला. शिवाय पोलीस, वाहतूक, नगररचना, आरोग्य, बँक, व्यापारी, रहिवासी संघ, स्वयंसेवी संस्था. शहराच्या बाजाराबद्दल परस्परविरोधी बोलणारे इतके लोक एका टेबलाभोवती आणणारी दुसरी व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही.

सुरुवातीच्या बैठका मात्र ऐकण्यासारख्या नव्हत्या. विषयपत्रिका वाचली जायची, अतिक्रमण विभाग कारवाईचा अहवाल द्यायचा, चहा यायचा. निवडून आलेले सदस्य मागच्या खुर्च्यांवर बसायचे आणि नाव पुकारलं की उभं राहून "मान्य आहे साहेब" म्हणायचे. आदल्या आठवड्यात ज्यांनी गाडी उचलून नेली त्याच अधिकाऱ्यांसमोर बसून, त्यांचा प्रस्ताव चुकतो आहे असं सांगणं सोपं नसतं. मेथीचा विषय निघाला त्या दिवशी अध्यक्षांनी एक चांगलं केलं. नकाशा गुंडाळायला लावला आणि पुढची बैठक रस्त्यावर घ्यायची असं ठरवलं.

स्थळपाहणी सकाळी सहाला सुरू झाली. मोजणीची टेप, फक्कीची पिशवी, नकाशाची प्रत आणि आम्ही. स्टेशनच्या तोंडाशी फुलवाल्या बसल्या होत्या. पहिल्या गाड्यांनी येणारी फुलं टोपलीतून तिथेच मांडली जातात, देवपूजेच्या पुड्या बांधल्या जातात आणि नऊच्या आत सगळं आटोपतं. दहाला त्याच जागेवर मोबाइलची कव्हरं विकणारा मुलगा टेबल मांडतो. संध्याकाळी तिथेच भेळेची गाडी लागते. जागा एक, धंदे तीन, आणि तिघांचं आपसांत ठरलेलं. भेळवाला दादा सहाच्या आधी येत नाही, मुलगा सहानंतर थांबत नाही, आणि सकाळी येणाऱ्या फुलवाल्यांना जागा झाडलेली मिळते. आमच्या नकाशात तिथे एकच चौकोन होता आणि यादीत एकच नाव, मोबाइलवाल्या मुलाचं.

असं का झालं ते तिथेच उलगडलं. सर्वेक्षणाची माणसं कार्यालयीन वेळेत, म्हणजे साधारण अकराच्या पुढे फिरली होती. तोवर सकाळचा बाजार उठलेला आणि संध्याकाळचा लागायचा होता. कायद्याने दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण करायचं असतं. त्यात ज्याची नोंद झाली त्याला पथविक्री प्रमाणपत्र मिळतं, आणि ही नोंद पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. एवढं ज्यावर अवलंबून आहे त्या मोजणीत दिवसाचे दोन बाजार निसटले होते. नोंद नाही म्हणजे मतदार यादीतही नाव नाही, त्यामुळे समितीतही आवाज नाही. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले होते. समितीची निवडणूक व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडलं, तेव्हा मतदार यादीत ३२ हजारांच्या आसपास नावं होती.

पुढे पोस्टाच्या कोपऱ्यावर चपला दुरुस्त करणारे काका बसतात. बसथांब्याला लागून त्यांची पेटी असते. वाहतूक शाखेचं म्हणणं, थांब्यापासून लांब सरका. काका म्हणाले, "साहेब, चपलेचा अंगठा तुटतो तो बस पकडायच्या गडबडीत. तुटकी चप्पल हातात घेऊन माणूस कितीसा चालणार?" शेवटी टेप धरली. थांब्याच्या खांबापासून दीड मीटर मागे, भिंतीला लागून जागा निघाली. बसला चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची वाट मोकळी राहिली आणि काकांची पेटी थांब्यावरून दिसत राहिली. फक्कीची रेघ मारली गेली, कनिष्ठ अभियंत्याने माप वहीत लिहिलं, वाहतूक शाखेच्या अधिकाऱ्यांनी आणि काकांनी त्यावर सही केली. या दोघांनी एका कागदावर सही केल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

कापडाच्या दुकानांपुढे वाद रंगला. दुकानदारांची तक्रार खरी होती. वडापावच्या कढईचा तेलकट धूर साड्यांवर बसतो. हातगाड्यांमुळे काचेतला माल रस्त्यावरून दिसत नाही. पण त्याच ओळीत काही ठिकाणी दुकानापुढची जागा पथारीवाल्याला रोजच्या भाड्याने दिलेली असते, हेही सगळ्यांना माहीत असतं. सार्वजनिक पदपथाचं भाडं खासगी खिशात जातं आणि त्याची पावती नसते. प्रमाणपत्र मिळालं की हे भाडं संपतं, म्हणून प्रमाणपत्राला सगळ्यात जास्त विरोध अशाच ठिकाणी होतो. हे बैठकीत उघडपणे बोललं जायला बराच काळ लागला. बोलले ते व्यापारी संघटनेचेच एक सदस्य. शिवाय ते म्हणाले की मागे एकदा पालेभाजीवाल्या उठवल्या तेव्हा माझ्याही दुकानातली संध्याकाळची गर्दी ओसरली होती, कारण बायका भाजीला येतात आणि जाता जाता ब्लाउजपीस घेतात. मग कढया आणि कापड यांच्यामध्ये बांगड्या, प्लास्टिकची भांडी असे बिनधुराचे धंदे ठेवायचं ठरलं. कढईवाल्यांनी मिळून रिक्षा थांब्यामागची मोकळी पट्टी मागून घेतली.

"एवढं कशाला, सगळ्यांना एका इमारतीत हलवा," हा सल्ला प्रत्येक शहरात कोणीतरी देतोच. आमच्याकडेही तशी इमारत आहे. तळमजल्याचे ओटे भरलेले, वरच्या मजल्याचे रिकामे. भाजीची पिशवी घेऊन जिना चढायला कोणी येत नाही, आणि रोजच्या नाशवंत मालाला गिऱ्हाईकाची वाट पाहणं परवडत नाही. जिन्याला दोष देऊन उपयोग नाही, तो बांधण्याआधी बसणाऱ्यांना विचारायला हवं होतं. हा प्रश्न जुना आहे. पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरणारा बाजार १८८६ साली बांधलेल्या रे मार्केटमध्ये नेला गेला. पालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी त्या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. ती मंडई पुढे टिकली, फळली आणि आज फुल्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिचा मोठा व्यवहार जमिनीच्या पातळीवर, रस्त्यावरून थेट पाऊल टाकता येईल असा आहे, आणि तिच्या भोवतीचे रस्तेही बाजार म्हणून जगले. म्हणून मी इमारतींच्या विरोधात नाही. कुठली इमारत चालेल हे विक्रेत्याच्या आणि गिऱ्हाईकाच्या पायांनी ठरवावं, एवढंच माझं मागणं आहे.

कायद्यात यासाठी चांगली तरतूद आहे. जिथे विकणारे आणि घेणारे पूर्वापार जमत आले आहेत तो नैसर्गिक बाजार. समितीच्या शिफारशीवरून तो तसा ठरवता येतो, आणि सर्वेक्षणात असा बाजार आढळला तर तिथे ना-फेरीवाला क्षेत्र जाहीर करता येत नाही. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या नैसर्गिक बाजाराला वारसा बाजाराचा दर्जा देण्याची आणि तिथल्या विक्रेत्यांना न हलवण्याची सोय अनुसूचीत आहे. आम्ही स्टेशन रोडच्या मधल्या टप्प्यासाठी अशी शिफारस केली. पुरावा काय द्यायचा, हा प्रश्न आला तेव्हा मावशींनी सासूबाईंच्या काळातल्या बाजार वसुलीच्या पावत्या आणून दिल्या. वीस पैसे, पंचवीस पैसे, पुसट शिक्का, पालिकेचंच नाव. पावत्यांचा तो गठ्ठा प्रस्तावाला जोडला आहे.

प्रमाणपत्राने लगेच काय बदलतं, हे मला त्या रस्त्यावर दिसलं. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतून पहिलं दहा हजारांचं कर्ज तारणाशिवाय मिळायचं, आणि त्यासाठी प्रमाणपत्र नाहीतर पालिकेचं किंवा समितीचं शिफारसपत्र लागायचं. बाजारातल्या माणसाला दहा हजारांची किंमत वेगळी असते. सकाळी मार्केट यार्डात माल उचलायला खासगी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि संध्याकाळी व्याजासह परत करायचे, हे रोजचं चक्र त्याने थांबतं. जप्तीचंही तसंच. कायद्यानुसार उचललेल्या मालाची यादी तिथल्या तिथे द्यायची, नाशवंत माल त्याच दिवशी परत करायचा, इतर माल दोन कामाच्या दिवसांत, आणि हलवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस. हे मराठीत छापलेलं एक पान आता बहुतेकांनी हातगाडीला लॅमिनेट करून अडकवलं आहे. तेव्हापासून अतिक्रमणच्या गाडीबरोबर पावती पुस्तकही येऊ लागलं.

एक विषय कुठल्याच विषयपत्रिकेवर नव्हता. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत रस्त्यावर बसणाऱ्या बायका दिवसभर पाणी पीत नसत, कारण संध्याकाळनंतर जायला जागा नसे. स्थळपाहणीत एका सदस्य ताईंनी हे वैद्यकीय अधिकारी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, आणि मॅडमनी पुढच्या बैठकीत स्वतःहून मांडलं. रस्त्यावर एक स्वच्छतागृह आहे, आमच्या मंडईच्या इमारतीत, पण इमारत सहाला बंद व्हायची. ते रात्री दहापर्यंत उघडं ठेवायचं आणि देखभालीचे पैसे बाजार वसुलीतून द्यायचे असा ठराव झाला. बाजारपेठेच्या पुनरुज्जीवनाच्या आराखड्यात दिव्यांचे खांब, फरसबंदी, कमान असं बरंच काही होतं. माझ्या मते या ठरावाचं मोल त्या कमानीपेक्षा जास्त आहे. ताई आता दुपारी ताक पितात, हे त्यांनीच मला सांगितलं.

नकाशा नव्याने झाला आहे. पालेभाजी पश्चिमेला, पण दोन रांगांऐवजी एकाच रांगेत, म्हणजे चालायला जागा राहील. रांगेत न मावणाऱ्या काहीजणींना पोस्टाच्या भिंतीलगत, तिथल्या जुन्या झाडाखाली जागा दिली. आंब्याच्या दोन महिन्यांत येणारे, गणपतीत मखरं आणि दिवाळीत पणत्या विकणारे यांच्यासाठी काही चौकोन वर्षभर मोकळे ठेवायला हवेत, असं मी आणि आणखी काही सदस्य म्हणत आहोत. रिकामी जागा दिसली की तिथे दुचाक्या लागतील, ही वाहतूक शाखेची शंका रास्त आहे आणि तो मुद्दा अजून मिटलेला नाही. नव्या सर्वेक्षणाचं मात्र ठरलं. मोजणी तीन वेळांना होणार, पहाटे, दुपारी आणि दिवे लागल्यावर, आणि प्रत्येक फेरीत नोंद करणाऱ्यांबरोबर निवडून आलेला एक सदस्य असेल. पहाटेची फेरी फुलवाल्यांपासून सुरू करायची आहे.