आठवण्याआधीच कळतं

दोन प्रश्न विचारतो. मोबाइल बाजूला ठेवा आणि पर्याय मागू नका.

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? आणि त्या शिखरावर गेल्या मंगळवारी भर दुपारी बारा वाजता किती माणसं होती?

पहिल्याचं उत्तर बहुतेकांनी प्रश्न संपायच्या आतच दिलं असेल: कळसूबाई. भूगोलाच्या तासाला जागे असणाऱ्यांना १६४६ मीटर हा आकडाही आठवला असेल. पण थांबून पाहण्यासारखा आहे तो दुसरा प्रश्न. ‘काय माहीत!’ असं आपण किती पटकन म्हणून मोकळे झालो! डोक्यात जन्मभराचा ऐवज साठलेला असतो. शाळेच्या घंटेचा आवाज, जुन्या घरातल्या फरशीची नक्षी, कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, सगळं. तो ऐवज उपसून पाहिला, त्यात हा आकडा मिळाला नाही आणि मग नाइलाजाने हात वर केले, असं काही घडलं नाही. शोध सुरूच झाला नाही. शोधण्यात अर्थ नाही हे आधीच कळलं होतं.

सामान्यज्ञानाच्या खेळातली सर्वांत अचाट गोष्ट मला विचाराल तर ती हीच. उत्तर आठवण्याआधी, ते आपल्याजवळ आहे की नाही हे आपल्याला कळतं.

अमेरिकेतल्या जोसेफ हार्ट या संशोधकाने १९६५ साली ही गोष्ट प्रयोगाने तपासली. त्याने लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले. उत्तर आलं नाही की पुढे विचारायचं, ‘पर्याय दिले तर ओळखाल का?’ कुणी म्हणे हो, कुणी म्हणे शक्यच नाही. मग खरोखर पर्याय दिले. ‘ओळखेन’ म्हणणाऱ्यांनी बरोबर पर्याय निवडण्याचं प्रमाण ‘नाही ओळखणार’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलंच जास्त निघालं. ‘माहितीये रे, पण आत्ता आठवत नाहीये’ हे वाक्य परीक्षेच्या वर्गात बहाणा वाटतं, पण बऱ्याचदा ते खरं असतं.

मग हे कळतं कसं? लिन रीडर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याचा सुंदर माग काढला. १९८७ सालच्या त्यांच्या प्रयोगात काही जणांना उत्तर न देता फक्त ‘मला येईल’ किंवा ‘येणार नाही’ एवढंच सांगायचं होतं, टीव्हीवरच्या स्पर्धेत बझर दाबतात तसं. हा कौल प्रत्यक्ष उत्तर देणाऱ्यांच्या उत्तरापेक्षा लवकर आला आणि तो बेभरवशाचाही नव्हता. पुढे १९९२ साली त्यांनी आणि फ्रँक रिटर यांनी लोकांना गुणाकार-बेरजेची अनोळखी उदाहरणं पुन्हापुन्हा दाखवली. मग मध्येच खोडी काढली. समजा २३ गुणिले २७ हे अनेकदा दाखवलंय, तर आता दाखवलं २३ अधिक २७. त्याचं उत्तर तर त्यांनी कधी पाठ केलेलं नव्हतं. तरी लोकांना वाटलं, हे आपल्याला माहीत आहे! म्हणजे मेंदूचा हा पहिला झटपट कौल उत्तर पाहून येत नाही, प्रश्नातले शब्द आणि आकडे किती ओळखीचे आहेत हे पाहून येतो. ‘गेल्या मंगळवारी दुपारी’ या शब्दांनी कोणतीच ओळख दाखवली नाही, म्हणून दार उघडण्याआधीच बंद झालं.

पट्टीचे क्विझवाले म्हणून तर प्रश्न अर्धा असतानाच बझरवर बोट ठेवतात. उत्तर अजून जिभेवर आलेलं नसतं, पण येणार ही खात्री असते, आणि क्विझमास्तर नाव पुकारेपर्यंतचा वेळ ते ओढून आणायला पुरतो. २०११ साली अमेरिकेच्या ‘जेपर्डी’ या कार्यक्रमात आयबीएमच्या ‘वॉटसन’ने केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दोन दिग्गजांना हरवलं. त्या यंत्रालाही नुसती उत्तरं शोधायला शिकवून भागलं नव्हतं. स्वतःच्या उत्तरावर आपला किती भरवसा आहे याचा हिशेब करून, भरवसा पुरेसा असेल तरच बझर दाबायला त्याला शिकवावं लागलं. तुमच्या घरातली सात वर्षांची पोर हे काम कुणी न शिकवता करते.

आता जरा कठीण. मराठीतल्या ज्ञानपीठ विजेत्यांची नावं सांगा. चार आहेत.

कुसुमाग्रज बहुधा आधी येतात. विंदा येतात. भालचंद्र नेमाडे अलीकडचे, २०१४ चा पुरस्कार, म्हणून तेही येतात. आणि चौथं? पहिलंच खरं तर, १९७४ चं. बऱ्याच जणांची गाडी इथे अडते. कादंबरीकार आहेत, चष्मा आहे, पौराणिक विषय आहे, नाव ‘ख’वरून आहे की काय...

ही अवस्था रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या दोघांनी १९६६ साली चक्क प्रयोगशाळेत घडवून आणली. विरळा वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवायच्या आणि शब्द विचारायचा. ज्यांना शब्द येत नव्हता पण ‘जिभेवर आहे’ असं वाटत होतं, त्यांनी पहिलं अक्षर निम्म्याहून अधिक वेळा बरोबर सांगितलं. शब्दात किती उच्चारखंड आहेत हेही अनेकांना सांगता आलं. शब्द हरवला होता, पण त्याचं माप आणि त्याचा आरंभ हाती होता. म्हणजे स्मृतीत अर्थ एका ठिकाणी आणि नाद दुसऱ्या ठिकाणी असतो. एकापर्यंत पोचून दुसऱ्यापर्यंतची वाट मध्येच तुटू शकते.

विशेषनामांचं हे दुखणं सर्वांत मोठं. एकच शब्द आडनाव म्हणून सांगितला तर विसरतो आणि धंदा म्हणून सांगितला तर लक्षात राहतो, हे १९८७ सालच्या एका ब्रिटिश प्रयोगात दिसलं. ‘हे सुतारकाम करतात’ म्हटलं की रंधा, भुसा, करवतीचा आवाज असं बरंच काही चिकटतं. ‘हे श्री. सुतार’ याला चिकटायला काहीच नाही.

नाद आणि अर्थ यांची ही दोन दारं आपल्या घरगुती खेळांनी कधीच ओळखली होती. गाण्याच्या भेंड्यांत फक्त अक्षर मिळतं, म्हणून शेकडो गाणी पाठ असलेला माणूसही ‘ठ’वर घामाघूम होतो. नाव-गाव-फळ-फूलमध्ये अक्षर आणि वर्ग दोन्ही लागतात. फ्रीडमन आणि लॉफ्टस यांनी १९७१ साली दाखवलं की आधी ‘फळ’ आणि मग अक्षर सांगितलं तर उत्तर लवकर येतं, उलट क्रमाने सांगितलं तर उशिरा. वर्ग कळला की मन त्या दालनात जाऊन उभं राहतं, नुसत्या अक्षरावर कुठे जायचं ते त्याला ठरवता येत नाही. आणि आपल्या खेळात कागदावर रकाने आधी आखलेले असतात, अक्षर मागाहून जाहीर होतं! हा सोपा क्रम पोरांनी मानसशास्त्राची वाट न पाहता लावून टाकला होता.

(चौथे वि. स. खांडेकर, ‘ययाति’चे. आत्ता ‘अरे हो!’ झालं असेल, तर त्या ‘अरे हो’कडे पुढे पुन्हा वळायचं आहे.)

या खेळांकडे आपण तराजू म्हणून पाहतो. कुणाला किती येतं ते मोजायचं, बस. पण मोजताना वस्तूच बदलते, असा हा तराजू आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो, कारण तो करायला कागद आणि पेन्सिल पुरते. विद्यार्थ्यांना एक लहानसा उतारा दिला. एका गटाने तो चार पाळ्यांमध्ये पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच पाळीत वाचला आणि उरलेल्या तीन पाळ्यांमध्ये न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं, काय चुकलं तेही कुणी सांगितलं नाही. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्यानंतर घेतली तेव्हा चित्र पालटलं होतं. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. यातला खरा चिमटा असा की, आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल याचा अंदाज विचारला तेव्हा जास्त आत्मविश्वास वाचणाऱ्यांनाच होता.

विद्याधन खर्च केल्याने वाढतं हे सुभाषित आपण शाळेत पाठ केलं आणि दानधर्माची गोष्ट समजून सोडून दिलं. ते अक्षरशः खरं आहे. बँकेच्या खात्यातून पैसे काढले की शिल्लक घटते, स्मृतीच्या खात्यातून काढले की वाढते. मग आपल्या शाळा पुन्हापुन्हा वाचण्यावरच एवढा जोर का देतात, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आणि प्रश्न व उत्तर यांच्यामधला तो क्षण? चांगला क्विझमास्तर तिथे मुद्दाम रेंगाळतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मथायस ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली नेमकी हीच जागा धरली. प्रश्न दाखवला, उत्तर १४ सेकंदांनी. मधल्या वेळात पडद्यावर एक अनोळखी चेहरा, ज्याचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नाही. नंतर अचानक त्या चेहऱ्यांचीच परीक्षा घेतली. ज्या प्रश्नांबद्दल लोकांना फार उत्सुकता होती, त्यांच्या वेळी दिसलेले चेहरे अधिक लक्षात राहिले होते, दुसऱ्या दिवशीसुद्धा. फरक थोडा, पण चकित करणारा. उत्सुकतेच्या वेळी मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा आणि स्मृती घडवणारा हिप्पोकॅम्पस एकत्र जागे होतात, आणि त्या उजेडात शेजारी उभं असलेलंही टिपलं जातं.

भारतात क्विझची चटक लावणाऱ्यांत पहिलं नाव नील ओब्रायन यांचं. १९६७ साली कोलकात्यात एका चर्चच्या सभागृहात त्यांनी पहिली खुली क्विझ घेतली. तिथून हे वेड हैदराबाद, बेंगळुरू, पुणे असं पसरलं. या मंडळींनी एक मूल्य जपलं, ज्याला त्यांच्या बोलीत ‘वर्केबल’ प्रश्न म्हणतात. पाठांतर नसलं तरी धागे जुळवत पोचता येईल असा. मी एक करून पाहतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका जागेचा अभ्यास मंगळ ग्रहाचे अभ्यासक आवर्जून करतात. कोणती जागा, आणि मंगळच का?

बुलढाणा म्हटल्यावर शेगाव आठवतं, सिंदखेडराजा आठवतं. मंगळाशी दोन्हींचा संबंध नाही. आकाशातून काही पडलंय का? लोणार! उल्काघाताने झालेलं विवर. पण उल्का तर जगभर पडल्या, मग लोणारच का? इथे सह्याद्री चढलेला माणूस क्विझवाल्याच्या पुढे जाऊ शकतो. आपल्या पायाखालचा खडक काळा बेसॉल्ट, लाव्हाचा. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसॉल्टचा. बेसॉल्टमध्ये झालेली आणि नीट टिकलेली उल्काविवरं पृथ्वीवर अगदी मोजकी आहेत. झालं! यातला एकेक तुकडा तुमच्याकडे होताच, एकत्र कधी आले नव्हते. असं उत्तर जुळतं तेव्हा जो आनंद होतो, तो नुसत्या आठवलेल्या उत्तराला नाही. चमूत चौघे बसतात तेही यासाठीच. एकाकडे बुलढाणा, दुसऱ्याकडे बेसॉल्ट.

चौघांऐवजी शंभर जण असले तर? २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं, मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला, आणि प्रेक्षकांना विचारण्याची सोय घराघरांत माहीत झाली. तिच्यामागचं गणित साधं आहे. शंभरांपैकी फक्त वीस जणांना उत्तर येतंय असं धरा. उरलेले ऐंशी अंधारात तीर मारतात, म्हणजे चार पर्यायांवर साधारण वीस-वीस मतं. बरोबर पर्यायाला वीस अधिक वीस, चाळीस, बाकीच्यांना वीस. ऐंशी टक्के अज्ञान, तरी कौल बरोबर! अज्ञान विखुरतं आणि ज्ञान एका जागी गोळा होतं, एवढ्यावर सगळी जादू.

ही जादू फसते ती लोकांना उत्तर येत नसताना नाही, तर सगळ्यांना एकच चुकीचं उत्तर ‘येत’ असताना. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता, हे कुठल्याही सभागृहात विचारून बघा. हॉकी! पण २०१२ साली एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारलं, तेव्हा क्रीडा मंत्रालयाने कळवलं की कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही.

आणि इथे ते मघाचं ‘अरे हो’, म्हणजे बरोबर उत्तर कळल्यावर बसणारा धक्का. कोलंबिया विद्यापीठातल्या ब्रॅडी बटरफिल्ड आणि जॅनेट मेटकाफ यांना २००१ साली उलटंच काही आढळलं. ठाम विश्वासाने दिलेली चूक मुळापासून उपटणं अवघड जाईल, असं वाटतं ना? पण अशा चुका दुरुस्त केल्यावर बरोबर उत्तर अधिक पक्कं बसतं, चाचरत केलेल्या चुकांपेक्षा. धक्का जितका मोठा, तितकं लक्ष जागं. म्हणून मित्रमंडळींत खेळताना उत्तर पुटपुटू नये, छातीठोकपणे सांगावं आणि मग खुशाल आपटावं.

मात्र हॉकीचा प्रश्न काढणार असाल, तर मंत्रालयाच्या उत्तराची बातमी आधीच जवळ काढून ठेवा. तोंडी सांगून तो वाद आजवर कुठल्याही दिवाणखान्यात मिटलेला नाही.