चतकोर भाकरीचा संसार

फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैनला रस्त्यांच्या कामांचा एक सरकारी कार्यक्रम झाला. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी व्यासपीठावरूनच तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना वजन कमी करायला सांगितलं. जेवढे किलो उतरतील तेवढे हजार कोटी रुपये मतदारसंघाच्या कामांना देऊ, असं आश्वासनही दिलं. त्याच भाषणात ते स्वतःबद्दल बोलले. आपलं वजन पूर्वी १३५ किलो होतं, आता ९३ किलो आहे आणि आपला जुना फोटो पाहून ओळखणंही कठीण जातं, असं त्यांनी सांगितलं. फिरोजियांनी पुढे आहार आणि व्यायामाने वजन घटवलं. गडकरींवर मात्र २०११ साली, ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली होती.

महाराष्ट्रातल्या एवढ्या मोठ्या नेत्याने ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि वजनाबद्दल तो जाहीरपणे बोलला, याचा सामान्य माणसाला उपयोग झाला. तोवर ही सिनेमावाल्यांची आणि पैसेवाल्यांची हौस समजली जात होती. आता धुळ्याच्या उत्तरेला, मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेल्या सोनगीरसारख्या गावातही असा प्रश्न विचारणारं घर सापडू शकतं. गुडघे धरलेत, साखर आटोक्यात येत नाही, रात्री घोरताना श्वास अडकतो, तर ऑपरेशन करावं का? प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना बहुतेक जण फक्त दोन फोटो दाखवतात, एक आधीचा आणि एक नंतरचा. शस्त्रक्रियेनंतर रोज कसं जगावं लागतं, ते त्या फोटोंत दिसत नाही.

आधीच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं ओझं पुष्कळदा लोकांच्या बोलण्याचं असतं. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीच्या वेळी एका नामवंत लेखिकेने एका लठ्ठ पोलीस अधिकाऱ्याचा फोटो टाकून मुंबईच्या बंदोबस्ताची खिल्ली उडवली. अधिकारी मुंबईचे नव्हतेच, ते मध्य प्रदेश पोलिसांतले निरीक्षक होते. वजन १८० किलो. हे वजन आजारपणातून वाढलं आहे, असं त्यांनी दुखावून सांगितलं. पुढे मुंबईच्या सैफी रुग्णालयात डॉ. मुफझल लकडावाला यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि त्यांचं वजन बरंच उतरलं. पण त्यांच्यासारखी कितीतरी माणसं आजही एसटीच्या सीटवर, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या वर्गात तीच थट्टा मुकाट्याने सोसतात. ‘तोंडावर ताबा नाही’ एवढा एकच निकाल त्यांना ऐकवला जातो.

तो निकाल चुकीचा आहे, हे पुण्यातल्या संशोधनाने फार पूर्वी दाखवलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या याज्ञिक यांच्या अभ्यासात तर जन्मलेल्या बाळांतही हेच दिसलं. बाळं हडकुळी, वजनाने कमी, पण चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त. म्हणजे आईच्या पोटातल्या पोषणापासून शरीराची घडण ठरत जाते. म्हणूनच भारतीयांसाठी वजनाच्या धोक्याच्या रेषा खाली आणल्या गेल्या. पाश्चात्त्य देशांत बीएमआय ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आपल्याकडे २५ च्या पुढे.

शस्त्रक्रियेची भारतीय रेषाही अशीच वेगळी आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेत श्वास अडकण्यासारखा आजार सोबत असेल तर बीएमआय ३२.५ पासून, आणि असा आजार नसेल तर ३७.५ पासून ती सुचवली जात आली आहे. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाच्या हिशेबात हे वजन अनुक्रमे सुमारे ८९ आणि १०२ किलो होतं. लग्नाआधी दहा किलो उतरवायचे आहेत, अशांसाठी हा मार्ग नाही.

मुळात पोट कापून वजन का उतरावं? वजन घटवायला लागलं की शरीर त्याला उपासमार समजतं. भूक वाढवतं, ऊर्जेचा खर्च कमी करतं, आणि घटवलेले किलो वर्ष-दोन वर्षांत परत येतात. शस्त्रक्रिया या यंत्रणेलाच हात घालते. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात. जळगावच्या केळ्यासारखी एक अरुंद, वाकडी नळी तेवढी उरते. काढलेल्या भागातच भूक लावणारं ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक मुख्यत्वे तयार होत असतं, त्यामुळे भूकच मंदावते. ‘बायपास’ प्रकारात जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न तिथे लवकर पोहोचतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं जोमाने पाझरू लागतात.

याचा सर्वांत चकित करणारा परिणाम मधुमेहावर होतो. अमेरिकेतले शल्यचिकित्सक वॉल्टर पोरिस यांनी १९९५ साली आपल्या बायपास रुग्णांचा हिशेब मांडला. टाइप-२ मधुमेह असलेल्या १४६ जणांपैकी १२१ जणांची साखर नेहमीच्या पातळीवर आली होती, आणि ती वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली यायला लागली होती. म्हणूनच घरी परतताना इन्सुलिन आणि साखरेच्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवणं धोक्याचं असतं. साखर एकदम घसरू शकते.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण खरा बदल तिथे होतो. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे यकृत आकसावं म्हणून मोजका, प्रथिनांचा आहार असतो. नंतरचे पहिले दिवस फक्त पातळ पदार्थांचे, तेही घोटाघोटाने. मग गुळगुळीत केलेलं, मग मऊ, आणि महिना-दीड महिन्यानंतर नेहमीचं जेवण. पण नेहमीचं म्हणजे किती? ज्या ताटात दोन भाकऱ्या आणि वाडगाभर शेवभाजी असायची, तिथे वाटीभर घट्ट वरण आणि चतकोर भाकरी. तेवढं खायलाही वीस-तीस मिनिटं लागतात. घाईने गिळलेला घास छातीत अडकतो, उलटीने बाहेर येतो. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्ध्या तासाने प्यायचं.

ताटातला क्रमही उलटतो. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. म्हणून आधी मूग, मटकी, पनीर, दही, अंडं किंवा मासे, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. खानदेशी घरात भाकरी हाच जेवणाचा कणा, तिला शेवटी ढकलणं सोपं नाही. त्यातल्या त्यात उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी बरी. एकादशीचा साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, आणि निर्जळी उपवास तर नकोच, कारण शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस समोर आला की कसोटी असते. बायपासनंतर एवढं गोड एकदम पोटात गेलं तर ते वेगाने आतड्यात उतरतं, मग घाम, धडधड, पोटात कळा, चक्कर. डॉक्टर याला ‘डम्पिंग’ म्हणतात. ‘एक घे, काही होत नाही’ हा आपल्याकडचा प्रेमाचा आग्रह अशा वेळी थेट त्रास देतो. म्हणून घरच्यांना, विशेषतः वाढणाऱ्यांना, आधी समजावून सांगायला हवं.

पहिलं वर्ष-दीड वर्ष वजन भराभर उतरतं. जिने चढता येतात, गुडघ्यांचा भार हलका होतो, रात्री सलग झोप लागते. त्याच काळात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून केस गळतात, ते बहुतेकदा परत येतात. पोटाची, दंडाची कातडी सैल लोंबते, ती व्यायामानेही पुरती बसत नाही. पित्ताशयात खडे होऊ शकतात. स्लीव्हनंतर काहींना छातीतली जळजळ सुरू होते. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावं लागतं. सतत उलट्या होत असतील तर ‘पित्त झालंय’ म्हणून घरी बसू नये. बी-१ जीवनसत्त्व घटून मेंदूला आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. बायपास झालेल्याने अंगदुखीवर मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणून घेऊ नये. जोडाशी व्रण होतो. तंबाखू आणि विडीनेही तेच होतं.

बायकांसाठी आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. वजन उतरलं की बिघडलेली पाळी सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण निदान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते, कारण या काळात आईचंच पोषण काठावर असतं. सुनेचं ऑपरेशन ‘मूल होईल’ या आशेने करणाऱ्या सासरने हे आधीच ऐकून घ्यायला हवं.

वजन पुन्हा वाढतं का? थोडं वाढतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो लठ्ठ रुग्णांचा अभ्यास झाला. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटलं होतं, दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. तरी शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत शस्त्रक्रिया झालेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण कमी राहिलं. म्हणून पाच-सात किलो परत आले की ‘ऑपरेशन फेल गेलं’ असं म्हणणं अन्यायाचं आहे.

या शास्त्राच्या मर्यादाही मुंबईनेच पाहिल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद मालवाहू विमानातून मुंबईत आली. वजन सुमारे ५०० किलो, आणि पंचवीस वर्षं ती घराबाहेर पडलेली नव्हती. तिच्या लठ्ठपणाचं एक मूळ जनुकात सापडलं. ७ मार्चला सैफीत स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली, वजन खूप उतरलं, नंतर उपचारांवरून रुग्णालय आणि तिच्या बहिणीत वाद झाला आणि ती अबुधाबीला गेली. तिथे सप्टेंबरमध्ये, ३७ व्या वर्षी, हृदय आणि मूत्रपिंडाच्या आजाराने तिचा मृत्यू झाला. वर्षानुवर्षं पोखरलेलं शरीर केवळ किलो उतरल्याने दुरुस्त होत नाही. उपचार वेळेत व्हायला हवेत.

आता इंजेक्शनंही आली आहेत. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही औषधं भारतात दाखल झाली. आतड्यातून पाझरणाऱ्या संप्रेरकांचीच ती नक्कल करतात. अनेकांना त्यांचा गुण येतो, पण बंद केली की वजन परत चढू लागतं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती घेऊ नयेत.

पैशांचा प्रश्न उरतो. खासगी रुग्णालयात खर्च काही लाखांत जातो. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, अथवा ३५ किंवा त्याहून जास्त असून हृदयविकार, झोपेतला गंभीर श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, तर आरोग्य विम्यातून हा खर्च सरसकट नाकारता येत नाही. अर्ज करण्याआधी पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ तपासावा. मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयातही ही शस्त्रक्रिया होते.

सोनगीरच्या रुग्णाला खरी अडचण शस्त्रक्रियेनंतर येते. नाशिक, पुणे किंवा मुंबईला एकदा जाणं जमतं, पण पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी तपासणी लागते, तीही जन्मभर. गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी मोजून माणूस दुसऱ्या वर्षी जायचं थांबतो, आणि कमतरता तिथूनच सुरू होतात. यावर उपाय आहे. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही शासकीय महाविद्यालय आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात आठवड्यातला एक दिवस या रुग्णांसाठी राखून ठेवला, त्या दिवशी बी-१२, लोह आणि डी जीवनसत्त्वाच्या तपासण्या आणि आहारतज्ज्ञाचा सल्ला मिळाला, तर खानदेशातल्या शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाची मुंबईची एक खेप वाचेल. तोवर रुग्णाने कोणती शस्त्रक्रिया, कुठे आणि कधी झाली, कोणत्या गोळ्या चालत नाहीत, हे एका कागदावर लिहून घ्यावं आणि त्याची एक प्रत गावातल्या डॉक्टरांकडे ठेवावी.